‘काही नाही’ म्हणून परत न पाठवणारा डोळ्यांचा दवाखाना (मिरज)

डोळ्यांत जरा काही वेगळं दिसलं की ज्यांची झोप उडते, त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. मी त्यांतलीच. वय ५४, जयसिंगपूरला शाळेत गणित शिकवते, दोन्ही डोळ्यांना मायनस आठच्या आसपास नंबर. माझ्या वडिलांचा डावा डोळा पडदा (डोळ्याच्या आत मागे असलेला, उजेड टिपणारा पातळ थर) सुटून गेला. खालून काळी सावली वर चढत होती, पण दुखत नव्हतं, म्हणून उसाची तोड संपेपर्यंत त्यांनी घरात कुणाला सांगितलंच नाही. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे माझ्या भीतीला मी खूळ म्हणत नाही. पण तीच भीती रोजची झाली की फार थकायला होतं. फळ्याकडे बघताना एक डोळा झाकून दुसरा तपासायचा, रात्री दिवा घालवून कोपऱ्यात चमकतंय का बघायचं, मग मोबाइलवर शोधत बसायचं.

या दवाखान्याचं पहिलं कौतुक फोन उचलणाऱ्या मुलीचं. शनिवारी संध्याकाळी उजव्या डोळ्यासमोर एकदम काळे ठिपके आणि कोळिष्टकासारखं काहीतरी तरंगायला लागलं, मान वळवली की कडेला वीज चमकल्यासारखी रेघ. फोन केला. मला वाटलं, सोमवारचा नंबर देईल. तिने विचारलं, “काकू, हे अचानक सुरू झालं की आधीपासून थोडं थोडं होतं? एकाच डोळ्याला का? चमक दिसते का? कडेने पडदा ओढल्यासारखी सावली आहे का? नंबर किती आहे? घरात कुणाचा पडदा सुटला होता का?” आणि उत्तरं ऐकून, “आजच या. उद्या रविवार आहे, थांबू नका. गाडी स्वतः चालवू नका, कुणाला तरी बरोबर आणा, थेंब घातल्यावर चार-सहा तास नीट दिसणार नाही.” फोनवर बसणाऱ्या माणसाला कुणीतरी बसवून हे प्रश्न शिकवले आहेत. दुसरीकडे कुठे मला हा अनुभव आलेला नाही.

तपासणी घाईची नव्हती. थेंब घालून बाहुली पूर्ण मोठी होईपर्यंत बसवलं, अर्ध्यावर आत घेतलं नाही. मग आडवं झोपवून डॉक्टर मॅडमनी डोक्याला लावलेला दिवा आणि हातातलं भिंग घेऊन पडदा कडेपर्यंत पाहिला. “वर बघा, आता उजवीकडे वर, आता खाली,” असं करत घड्याळाच्या आकड्यांसारखी सगळ्या दिशांना नजर फिरवायला लावली. मधूनमधून पापणीवरून छोट्या धातूच्या दांडीने दाबतात, ते सुखाचं नाही, पण पडद्याची अगदी कड त्याशिवाय दिसत नाही, आणि भेगा बहुतेक तिथेच असतात, हे त्यांनी दाबण्याआधी सांगितलं. त्या प्रखर उजेडात मला माझ्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची सावली दिसली, पानं गळलेल्या झाडाच्या फांद्यांसारखी. मी दचकले. मॅडम लगेच म्हणाल्या, “फांद्या दिसल्या ना? त्या तुमच्याच रक्तवाहिन्या. सगळ्यांना दिसतात.” उठल्यावर थोडा वेळ सगळं गुलाबी-जांभळं दिसतं, तेही आधीच सांगून ठेवलं होतं. घाबरणाऱ्या माणसाला या आधी सांगण्याची किंमत विचारा.

निदान असं: डोळ्याच्या आत पारदर्शक जेली असते, वयानुसार ती पातळ होते आणि एक दिवस पडद्यापासून सुटते. पन्नाशीनंतर हे पुष्कळांना होतं, जास्त मायनस नंबर असला तर आधीच. सुटताना पडद्याला ओढ बसते, ती आपल्याला चमक म्हणून दिसते. बहुतेकांचं तेवढ्यावर निभावतं, पण असा त्रास अचानक सुरू झालेल्या साधारण दहांतल्या एकाच्या पडद्याला भेग सापडते. भेग वेळेत सापडली तर लेझरने तिच्याभोवती कुंपण घालता येतं. राहून गेली तर भेगेतून पाणी मागे शिरून पडदा सुटतो, मग मोठं ऑपरेशन. माझ्या पडद्याला भेग नव्हती. मॅडमनी केसपेपरवर गोल काढून कुठे काय पाहिलं ते दाखवलं, आणि तरी महिना-दीड महिन्याने पुन्हा थेंब घालून तपासायला बोलावलं, कारण भेग नंतरही पडू शकते.

हेच मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. पूर्वी एका ठिकाणी मी अशीच तक्रार घेऊन गेले होते, तिथे थेंब न घालता टॉर्च मारून “काही नाही हो, वयोमानाने होतं” म्हणून पाठवलं. त्या ‘काही नाही’ने मला एक रात्रसुद्धा शांत झोप दिली नाही, कारण कुणी आत पाहिलंच नव्हतं. इथे सांगितलं गेलं की आज काय पाहिलं, आज काय नाही, आणि कशासाठी धावत यायचं: ठिपके एकदम वाढले, चमक वाढली, कडेने सावली आली किंवा नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी, वेळ कुठलीही असो. नाहीतर ठिपके मोजायचे नाहीत. “रोज सकाळी एकदा, एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघा. झालं. दिवसभर पुन्हा नाही.” मला हा नियम पाळता येतो. सोपा आहे म्हणून नाही, त्याला कारण दिलं होतं म्हणून.

मी मग सगळेच प्रश्न विचारून घेतले. खालची पापणी लवते, त्याचं? झोप कमी, चहा-कॉफी जास्त, ताण. आठवडेच्या आठवडे थांबलं नाही किंवा डोळा मिटायला लागला तर या. डोळ्याच्या पांढऱ्या भागात अचानक लालभडक डाग? दिसायला भयानक, पण दुखत नसेल आणि नजर ठीक असेल तर एक-दोन आठवड्यांत आपोआप जातो. वारंवार होत असेल तर बीपी बघा. माझ्या बहिणीला अर्धा तास दोन्ही डोळ्यांसमोर नागमोडी चमकती रेघ दिसते, ती अर्धशिशीची असू शकते, पण पहिल्यांदा दिसली तर दाखवायचं. आणि ज्यात एक तासही दवडायचा नाही, ते त्यांनी आवाज बदलून सांगितलं: एका डोळ्याची नजर एकदम जाणं, किंवा डोळा लाल होऊन भयंकर दुखणं, दिव्यांभोवती रंगीत कडी आणि उलट्या. शुगर असणाऱ्यांनी मात्र काहीही होत नसलं तरी वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासायचाच. यांतल्या एकाही प्रश्नाला “गूगल वाचत जाऊ नका” असं उत्तर आलं नाही.

तपासणीचे ६०० रुपये घेतले, पावती मिळाली, फेरतपासणीचे निम्मे. थेंब घातल्यावर बसायची जागा अपुरी आहे, पेशंट उभे असतात. धावत यायच्या लक्षणांचा कागद देतात, पण इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. तो मराठीत आणि मोठ्या टायपात हवा, माझ्या वडिलांसारख्यांच्या हातात तोच जाणार आहे. दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाहुल्या मोठ्या झालेल्या म्हाताऱ्या माणसांना करड्या पायऱ्यांची कड दिसत नाही, माझ्यासमोर एक आजोबा शेवटच्या पायरीवर चुकले, मुलाने धरलं म्हणून वाचले. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारा आणि कठडा दोन्ही बाजूंनी करा, एवढं मी काउंटरवर लिहूनही दिलं आहे.