लग्नाची छायाचित्रे कोणाकडे सोपवावीत: स्वतंत्र छायाचित्रकार, स्टुडिओ की ओळखीतला हौशी?

लग्नासाठी छायाचित्रकार ठरवताना पहिली चर्चा बहुधा शैलीची होते: कॅन्डिड, म्हणजे माणसे बेसावध असताना टिपलेले हवे की पारंपरिक, फिकट रंग हवेत की गडद. हा प्रश्न निरर्थक नाही, पण माझ्या मते त्याचा क्रमांक बराच खाली लागतो. त्या दिवशी कॅमेरा नेमका कोणाच्या हातात असणार आहे आणि तो माणूस ऐनवेळी येऊ शकला नाही तर जबाबदारी कोण घेणार आहे, या दोन गोष्टी आधी पक्क्या व्हायला हव्यात. स्वतंत्र व्यावसायिक, स्टुडिओ आणि ओळखीतला हौशी छायाचित्रकार या तीन पर्यायांमधला खरा फरक या दोन उत्तरांतच आहे. दरपत्रकावरून तो कधीच कळत नाही.

स्वतंत्र छायाचित्रकाराची सर्वांत मोठी जमेची बाजू अशी की ज्याचे काम पाहून आपण त्याला निवडतो, तोच समारंभाला येतो आणि बहुतेक वेळा छायाचित्रांची निवड व संपादनही तोच करतो. आपण त्याला जे सांगितले ते मध्ये कोठे गळून पडत नाही. आजी फार वेळ उभ्या राहू शकत नाहीत, दोन काकांना एका चौकटीत उभे करू नये, अशा गोष्टी थेट त्याच्या कानावर जातात. मात्र तो एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. वधू आणि वर वेगवेगळ्या जागी, एकाच वेळी तयार होणार असतील, तर एका बाजूची तयारी सुटणार हे गृहीत धरावे लागते. प्रवेश करणाऱ्याचा चेहरा आणि त्याची वाट पाहणाऱ्याचा चेहरा हे दोन्ही एकाच कॅमेऱ्यात त्याच क्षणी येत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे सेकंड शूटर, अर्थात सोबतीचा दुसरा छायाचित्रकार. तो येणार असेल तर दोघांच्या कॅमेऱ्यांची घड्याळे आधी जुळवून घेता का, हे सहज म्हणून विचारून पाहावे. ती जुळवली नाहीत तर दोन्ही कॅमेऱ्यांतील छायाचित्रे एकत्र लावताना क्रम विस्कटतो, आणि ज्याला हा त्रास ठाऊक आहे त्याने दुसऱ्या माणसासोबत खरोखर काम केलेले असते. आजारपणाचा धोका तरीही उरतोच. चांगल्या स्वतंत्र छायाचित्रकारांचे अडीअडचणीला एकमेकांच्या जागी जाणाऱ्यांचे वर्तुळ असते; ‘काहीतरी व्यवस्था करू’ या उत्तराऐवजी बदली म्हणून जाणाऱ्या दोघा-तिघांची नावे आणि कामे पाहायला मिळाली, तर हा पर्याय पुरेसा सुरक्षित मानता येतो.

स्टुडिओचे बळ नेमके येथेच असते. एक आजारी पडला तर दुसरा येतो, दोन जागी दोन माणसे पाठवता येतात, छायाचित्रण आणि चित्रीकरण एकाच छताखाली होते आणि काम हाती देण्याची तारीख सहसा ठरलेली असते. परंतु स्टुडिओने दाखवलेली छायाचित्रे अनेक वर्षांतील, अनेक हातांनी टिपलेली निवडक छायाचित्रे असतात. आपल्याकडे येणारा माणूस त्यांपैकी एक असेलच असे नाही. लग्नसराईच्या गर्दीत तो केवळ त्या दिवसापुरता बोलावलेलाही असू शकतो. शिवाय आपल्याशी बोलणी करणारा वेगळा, छायाचित्रे काढणारा वेगळा आणि संपादन करणारा तिसराच, अशी साखळी असली की आपल्या सूचना पहिल्याच कडीपाशी थांबतात. म्हणून स्टुडिओ निवडताना मुख्य छायाचित्रकाराचे नाव करारात लिहून घ्यावे आणि त्याच व्यक्तीने टिपलेला एक संपूर्ण समारंभ पाहण्याची मागणी करावी. ‘आमची सगळी टीम सारखीच आहे’ हे उत्तर मिळाले, तर कोण येणार हे अद्याप ठरलेले नाही असे समजायला हरकत नाही.

समारंभ एकाच दिवसाचा, एकाच जागी आणि दोन्ही घरांची तयारी जवळपास होणार असेल, तर मी स्वतंत्र छायाचित्रकार आणि त्याचा सोबती अशी जोडी निवडेन. कार्यक्रम अनेक दिवस चालणार असतील किंवा जागा दूर दूर असतील, तर स्टुडिओ, पण वर सांगितलेल्या अटीवर.

ओळखीतल्या हौशी छायाचित्रकाराचा पर्याय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आज हौशी लोकांकडेही 36 × 24 मिलिमीटरच्या सेन्सरचे, म्हणजे फुल-फ्रेम कॅमेरे असतात आणि त्यांची नजर व्यावसायिकांइतकी तयार असू शकते. अडचण राखीव साधनांची आणि नात्याची असते. व्यावसायिकाकडे दोन कॅमेरे असावेत आणि प्रत्येक छायाचित्र त्याच क्षणी दोन मेमरी कार्डांवर नोंदले जावे, ही किमान अपेक्षा आहे. 2018 साली आलेल्या निकॉन झेड 6, झेड 7 आणि कॅनन ईओएस आर या कॅमेऱ्यांत कार्डासाठी एकच खाच होती, तर त्याच वर्षीच्या सोनी ए7 III मध्ये दोन होत्या. निकॉन झेड 6 II आणि कॅनन ईओएस आर6 ही 2020 ची मॉडेल्स दोन खाचांसह आली. म्हणजे कॅमेरा महागडा असूनही एक कार्ड बिघडल्याने सगळे हातचे जाऊ शकते. दुसरे असे की हा माणूस पाहुणाही असतो. त्याला जेवायचे असते, नातेवाइकांशी बोलायचे असते, आणि काम मनासारखे झाले नाही किंवा महिनोन्‌महिने हाती आले नाही तरी त्याला जाब विचारता येत नाही. मोजक्या माणसांच्या, दिवसाउजेडी होणाऱ्या समारंभासाठी मात्र हा पर्याय खुशाल स्वीकारावा.

पर्याय कोणताही असो, काम पारखताना समाजमाध्यमांवरची वीस-तीस छायाचित्रे बाजूला ठेवून एका लग्नाची आरंभापासून अखेरपर्यंतची पूर्ण गॅलरी पाहावी, आणि ती आपल्या समारंभासारख्याच प्रकाशातली असावी. दिवसा बागेत उत्तम काम करणारा माणूस रात्री मोठ्या सभागृहात चाचपडू शकतो, कारण तेथे प्रश्न वेगळे असतात. एफपुढचा आकडा जितका लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे; एफ/4 ऐवजी एफ/2.8 ची लेन्स वापरली की दुप्पट प्रकाश मिळतो आणि एफ/1.4 वर त्याच्याही चौपट, पण इतक्या उघड्या छिद्रावर पुढे-मागे उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाचाच चेहरा रेखीव येतो. फ्लॅशचा प्रकाश छतावरून परतवून मऊ करायचा तर छत पांढरे आणि बेताच्या उंचीवर असावे लागते. उघड्या मैदानावर रात्री छतच नसते, त्यामुळे बाजूला स्टँडवर स्वतंत्र दिवे लावण्याची तयारी लागते. प्रकाशाची रंगछटा केल्विनमध्ये मोजतात; पिवळे बल्ब सुमारे 2700 ते 3200 केल्विनचे आणि दिवसाचा उजेड सुमारे 5500 केल्विनचा असल्याने खिडकीशेजारी उभ्या माणसाचा एक गाल निळसर आणि दुसरा नारिंगी दिसू शकतो. काही एलईडी दिव्यांखाली कॅमेऱ्याचे आवाजविरहित इलेक्ट्रॉनिक शटर वापरले, तर छायाचित्रावर आडवे पट्टे उमटतात. ही सगळी तांत्रिक माहिती ग्राहकाने पाठ करण्याची गरज नाही, कारण तिचे परिणाम गॅलरीत उघड दिसतात. पाठोपाठच्या दोन छायाचित्रांत त्वचेचा रंग बदलतो का, शेवटच्या तासातील छायाचित्रे पहिल्या तासाइतकी नेटकी आहेत का, समूहचित्रात कडेला उभी असलेली माणसे ओढल्यासारखी रुंद झाली आहेत का, इतके पाहिले तरी पुष्कळ कळते. गॅलरीतून शेवटचा तासच गायब असेल तर त्याचे कारण विचारावे.

आता शैली. माणसे बेसावध असताना, फ्लॅशशिवाय त्यांची छायाचित्रे घेण्याची पद्धत 1920 च्या दशकात रुजली, आणि त्यामागे 1924 साली जर्मनीत आलेल्या एर्मानॉक्स कॅमेऱ्याची एफ/2 ची, त्या काळात विलक्षण मानली गेलेली लेन्स होती. जर्मन वृत्तछायाचित्रकार एरिख सालोमनने तिच्या बळावर राजकीय बैठकांची आणि न्यायालयातील दृश्ये टिपली. कॅन्डिड ही शैली खरी, पण ती अंधूक उजेडात काम करण्याच्या क्षमतेवर उभी आहे, हे यातून लक्षात यावे. पारंपरिक पद्धतीत माणसे उभी करून, प्रकाश लावून छायाचित्रे घेतली जातात. ती कृत्रिम वाटली तरी कोण कोण आले होते याची नोंद त्यांतच राहते आणि वीस वर्षांनी घरात तीच शोधली जातात. त्यामुळे समूहचित्रांना नाके मुरडणारा कॅन्डिडवाला मी घेणार नाही. एका समूहाला माणसे गोळा करण्यासह तीन-चार मिनिटे धरली, तर बारा समूहांना पाऊण तास लागतो. तेवढा वेळ कार्यक्रमपत्रिकेत मुद्दाम राखून ठेवावा, यादी लेखी द्यावी आणि दोन्ही घरांतले चेहरे ओळखणारी एकेक व्यक्ती छायाचित्रकाराच्या मदतीला नेमावी.

छायाचित्रे आणि चित्रीकरण ही दोन्ही कामे एकाच माणसावर टाकू नयेत. ‘व्हिडिओमधून फोटो काढून देऊ’ हा प्रस्ताव आकर्षक वाटतो, पण 4के चित्रीकरणाची एक चौकट 3840 × 2160, म्हणजे सुमारे 8.3 मेगापिक्सेलची असते. शिवाय हालचाल नैसर्गिक दिसावी म्हणून सेकंदाला 25 चौकटींच्या चित्रीकरणात शटर सहसा 1/50 सेकंदावर ठेवतात, म्हणजे प्रत्येक चौकट तितका वेळ प्रकाश घेते, त्यामुळे चालत्या माणसाची सुटी चौकट धूसर निघते. दोन वेगवेगळ्या संस्था नेमल्या असतील तर त्यांची आधी गाठ घालून द्यावी. एकाचा प्रखर दिवा दुसऱ्याचे सगळे रंग बिघडवू शकतो. ड्रोन, प्री-वेडिंग आणि झटपट टीझर ही वरची सजावट आहे. खर्चाला कात्री लावायचीच असेल तर ती येथे लावावी, दुसऱ्या माणसावर किंवा तासांवर नाही.

दरपत्रकांची तुलना करताना पॅकेजच्या नावांना अर्थ नसतो, कारण एकाच्या ‘संपूर्ण दिवसा’त आठ तास असतात तर दुसऱ्याच्या बारा. प्रत्येकाकडून तास, माणसे, संपादित छायाचित्रांची अंदाजे संख्या, हाती मिळण्याची मुदत आणि जादा तासाचा दर एवढे लेखी मागवावे आणि मगच आकडे शेजारी शेजारी ठेवावेत. तासाला सरासरी 50 ते 100 निवडक छायाचित्रे हे प्रमाण वाजवी समजावे. काही हजार छायाचित्रे सरसकट देण्याचे आश्वासन उदार वाटते, पण निवडीचे निम्मे काम त्यात आपल्याच गळ्यात पडते.

करारातील सर्वांत दुर्लक्षित भाग फाइल्सचा आणि हक्कांचा. अनेक जण रॉ फाइल्ससाठी, म्हणजे कॅमेऱ्यातील संपादन न केलेल्या मूळ नोंदींसाठी, हटून बसतात. रॉमध्ये 14 बिटच्या नोंदीमुळे प्रत्येक रंगाच्या 16,384 पायऱ्या असतात आणि जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या तयार छायाचित्राच्या फाइलमध्ये, 256, हे खरे. पण त्या पायऱ्यांचा उपयोग संपादन करणाऱ्याला होतो, आणि आपण संपादन करणार नसू तर त्या फाइल्स नुसत्या जागा अडवतात. त्याऐवजी पूर्ण आकाराची जेपेग, कोणत्याही शिक्क्याविना (वॉटरमार्कविना), मिळेल अशी अट घालावी. 24 मेगापिक्सेलचे, म्हणजे 6000 × 4000 चे छायाचित्र इंचाला 300 ठिपक्यांच्या हिशेबाने 20 × 13 इंचांपर्यंत सुबक छापता येते. 1600 पिक्सेल रुंदीची आकसलेली प्रत त्याच हिशेबाने सव्वापाच इंचांवरच थांबते. स्वामित्वहक्काचे नियम देशागणिक उलटसुलट आहेत. भारताच्या 1957 च्या कायद्यातील कलम 17 नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्रांचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, काढून घेणाऱ्याकडे असतो. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तो सामान्यतः छायाचित्रकाराकडे राहतो, मात्र ब्रिटनच्या 1988 च्या कायद्यातील कलम 85 खाजगी कारणासाठी काढून घेतलेली छायाचित्रे सार्वजनिक होऊ न देण्याचा अधिकार ग्राहकाला देते. ‘वेगळा करार नसल्यास’ या शब्दांमुळे छापील करारनाम्यातील एका ओळीने हे सारे फिरू शकते. म्हणून आपली छायाचित्रे छायाचित्रकार जाहिरातीसाठी वापरू शकतो का, लहान मुलांची वापरू शकतो का, हे स्पष्ट शब्दांत नमूद करून घ्यावे.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता संपूर्ण गॅलरी हाती आल्यानंतरचा ठेवावा. तारीख पुढे ढकलली तर आगाऊ रक्कम नव्या तारखेला लागू होते की बुडते, हेही त्याच कागदावर असावे. समारंभानंतर किती प्रती, कोठे आणि किती काळ जपून ठेवल्या जातात, हा प्रश्न विचारावा. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या जागी, हा संगणक क्षेत्रातला जुना नियम जो आपणहून सांगेल त्याला झुकते माप द्यायला हरकत नाही.

अल्बमचा निर्णय मात्र पहिल्या बैठकीत घेण्याची गरज नाही. पॅकेजमधील अल्बमची पाने, कागद आणि मांडणी समारंभाआधीच ठरवून टाकलेली असतात, तेव्हा छायाचित्रे कशी येतील हे कोणालाच ठाऊक नसते. पूर्ण आकाराच्या फाइल्स हाती असल्या तर तो सहा महिन्यांनी, निवांतपणे निवड करून, दुसऱ्या कोणाकडूनही छापून घेता येतो. त्यामुळे अल्बम वगळून दर किती होईल, हे प्रत्येकाला वेगळे विचारावे.