एरर ०१ आणि जुनी ४०० एमएम: दिवाळी ते गणपती

कॅमेऱ्यावर ‘एरर ०१’ यायला लागला म्हणून पाठवलेली लेन्स सर्व्हिस सेंटरवरून कुरिअरने परत आली. सोबत १,१८० रुपयांची पावती, हजार तपासणीचे आणि वर १८ टक्के जीएसटी. पावतीवर एकच ओळ: ‘ॲपर्चर युनिट बदलावे लागेल. पार्ट उपलब्ध नाही.’ ॲपर्चर म्हणजे लेन्सच्या आतल्या पात्यांचं, उजेड कमीजास्त करणारं भोक. म्हणजे लेन्स गेली असं समजा आणि वर पैसेही भरा. तीच लेन्स आठवड्याच्या आत बेळगावातल्या एका गल्लीतल्या दुकानात दोनशे रुपयांत चालू झाली आणि अजून ठणठणीत चालतेय.

लेन्स म्हणजे लांबचे पक्षी टिपायला घेतलेली कॅननची ईएफ ४०० एमएम एफ ५.६ एल. तिचे आकडे वाचणाऱ्यांना पाठ असतील: १९९३ साली बाजारात आलेली, सव्वा किलो वजनाची, झूम नाही, आयएस (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) नाही, आणि आता नवी मिळत नाही. माझी बॉडी, म्हणजे कॅमेरा, कॅननचा ८०डी. आधी ५५-२५० ही झूम लेन्स वापरत होतो, म्हणजे उडी मोठीच होती. दिवाळीच्या आधी घेतली, आता गणपती उरकले. एवढ्या काळात कोरडी थंडी, उन्हाळा आणि आमच्याकडचा पाऊस असे तिन्ही ऋतू तिने बघितले.

विकणारे काका निपाणीचे, जन्मभर लग्नांचे फोटो काढलेले. पक्ष्यांची हौस उतारवयातली. गुडघ्यांनी जवाब दिल्यावर लेन्स काढायची ठरवली. ४५ हजार सांगितले, ३८ वर ठरलं. मी पैशाच्या बाबतीत चिकट आहे आणि त्याचा मला काही संकोच नाही, त्यामुळे तपासायला दुपार घालवली. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारून पुढून काचांत बघितलं. ईएफ लेन्स कॅमेऱ्यावर नसताना ॲपर्चर पूर्ण उघडं राहतं, त्यामुळे आरपार दिसतं, आत बुरशीचा धागा असला तर लपत नाही. धूळ होती. ती असणारच, तिने फोटोला काही होत नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत यूव्हीने सुरू होणारा कोड होता. पहिलं अक्षर कारखान्याचं, यू म्हणजे उत्सुनोमिया. दुसरं वर्षाचं, व्ही म्हणजे २००७. तेव्हा वय कळलं. पण व्यवहार पक्का केला तो काकांचं कपाट बघून. काचेचं कपाट, खाली कोपऱ्यात मंद बल्ब सतत चालू. ड्राय कॅबिनेट हा शब्द इकडे यायच्या आधीपासून जुने फोटोग्राफर असंच सामान कोरडं ठेवायचे. ज्याने इतकी वर्षं बल्बचं बिल भरलं, त्याने लेन्स जपली असणार.

आता हुड, म्हणजे पुढच्या काचेवर सावली धरणारी नळी. लोक या लेन्सच्या शार्पनेसवर पानंच्या पानं लिहितात, पण मला विचाराल तर या लेन्सवर सगळ्यात डोकं लावून बनवलेली वस्तू म्हणजे तिचा हुड. तो लेन्सलाच बसवलेला आहे. पुढे ओढायचा, जरा पिळायचा, लॉक. आत ढकलायचा असला की उलटा पिळायचा. संपलं. एल (कॅननची महागडी मालिका) नसलेल्या लेन्सबरोबर कॅनन हुड देत नाही, त्यामुळे ५५-२५०चा हुड मी वेगळे पैसे मोजून घेतला होता आणि तो जांबोटीच्या रस्त्याला कुठेतरी पडला. परत घेतला, तो बॅगेत उलटा लावून ठेवायचा, काढताना वेळ जायचा, तोवर पक्षी उडालेला. इथे हा प्रकारच नाही. एका हाताने गाडी स्टँडला लावता लावता दुसऱ्या हाताने हुड बाहेर येतो. भुरभूर पावसात पुढची काच कोरडी राहते. झाडीत शिरताना फांदी काचेला न लागता हुडला लागते. मी यूव्ही फिल्टर काढून ठेवला तो या हुडच्या जिवावर. ७७ एमएमचा बरा फिल्टर काही फुकट मिळत नाही, तेवढे पैसे वाचले.

हुडच्या आतलं काळं अस्तर मात्र पुढच्या कडेला वापराने घासून गेलं होतं. संध्याकाळी सूर्याच्या बाजूला तोंड केलं की फोटोवर फिकट पडदा यायचा. महिनाभर मला वाटत होतं की काचांत धूसरपणा आहे. मग एकदा हाताने वरून सावली धरून तोच फोटो काढला आणि फरक समोर आला. बेळगावच्या शहापुरात कापडाच्या दुकानातून काळ्या मखमलीचा तुकडा आणला, पातळ दुहेरी टेपने कडेला चिकटवला, सुटे धागे जाळून टाकले. तेव्हापासून मावळतीचे फोटो दाट काळ्या-सोनेरी रंगाचे येतात. तीस रुपयांत झालेलं काम आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

आयएसबद्दल. पहिले दोन महिने मी भेटेल त्याला सांगत होतो की आयएस नसलेली टेलिफोटो घेऊ नका. आता तसं सरसकट म्हणणार नाही. ज्याला प्रश्न पडलाय त्याने आधी सांगावं की तो जिल्ह्याच्या कुठल्या टोकाला फोटो काढतो.

आपला बेळगाव जिल्हा बघा. पश्चिमेला कणकुंबी, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे पाऊस हजारो मिलिमीटरांत मोजतात. पूर्वेला अथणीला गेलात तर वर्षाची बेरीज पाच-सहाशेच्या घरात. एकाच जिल्ह्यात सदाहरित जंगलही आणि उघडं माळरानही. ही लेन्स पूर्वेची आहे.

घटप्रभेला धुपदाळच्या पाण्यावर हिवाळ्यात गेलात तर समजेल. सकाळचं ऊन, मोकळं आकाश, पाण्यावरून उठणारे चित्रबलाक, थंडीत क्रौंचांचे थवे. उडत्या पक्ष्याला १/१६०० किंवा १/२००० सेकंदाचं शटर लागतंच, तिथे आयएस असली काय आणि नसली काय. लेन्सवरचं फोकसचं बटण ८.५ मीटर ते अनंत वर टाकलं की ती जवळच्या गवतात शोधत बसत नाही, थेट पक्ष्यावर जाते. २००७ सालची मोटर आहे हे माहीत असूनही दरवेळी तेवढंच नवल वाटतं. सव्वा किलो असल्यामुळे तासभर हातात धरून आकाशाकडे बघता येतं. सिग्माची १५०-६०० जवळपास दोन किलोची. ती मी मित्राची घेऊन बघितली, अर्ध्या तासात खांदा बोलायला लागला. अथणीच्या वाटेवर तारेवर बसलेली कापशी घार, मग हवेत एका जागी पंख मारत थांबलेली, मग खाली झेपावलेली: हा सगळा क्रम मला पहिल्यांदा या लेन्सने मिळाला. डोळ्याचा लाल रंगसुद्धा स्वच्छ.

एक सूचना उन्हाळ्यासाठी. दहा-साडेदहानंतर माळावर आणि पाण्यावर हवा तापून थरथरते आणि ४०० एमएममधून ती थरथर फोटोत उतरते. पिसं मऊ दिसतात आणि लोक लेन्सला दोष देतात. कुठलीही लेन्स आणा, दुपारी लांबचा पक्षी तसाच येणार. फोकस खरंच मागेपुढे आहे का हे बघायचं असेल तर सकाळी, सावलीत, फोकल लेंग्थच्या पन्नासपट अंतरावर म्हणजे वीस मीटरवर छापील कागद लावून बघा. ८०डीत मायक्रोॲडजस्टमेंट (फोकस बारीक मागेपुढे करायची सोय) आहे, माझ्या जोडीला अधिक ४ लागलं.

आता पश्चिमेचं खानापूर. श्रावणात भीमगडच्या बाजूच्या झाडीत तिबोटी खंड्यासाठी गेलो. एफ ५.६, आयएसओ ३२००, शटर १/८०. ८०डीच्या लहान सेन्सरमुळे ४०० एमएमचा हिशेब १.६ने गुणून ६४०चा होतो, म्हणजे हातात धरून किमान १/६४० पाहिजे. तीन स्टॉप (तीनदा दुप्पट) कमी. ते भरून काढायला आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, २५,६०० लागेल आणि ८०डीचा साधा पल्ला १६,०००लाच संपतो. मोनोपॉडवर हात थांबतो पण पक्षी थांबत नाही. शिवाय जवळात जवळ फोकस साडेतीन मीटर, त्यामुळे ओढ्याकाठी फुलपाखरं समोर नाचत असली तरी ती सोडून द्यायची. आणि माउंटला, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते त्या कड्याला, पाणी अडवणारा रबराचा गॅस्केट नाही. तिथल्या पावसात मी ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वापरली आणि पूर्णवेळ जिवाला घोर. खानापूर, जांबोटी, चोर्ला एवढंच तुमचं क्षेत्र असेल तर ही लेन्स घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला ती घरीच राहते हे सांगायला नको.

भाचा पुण्याहून आला तेव्हा त्याच्या कॅनन आर७ या मिररलेस कॅमेऱ्यावर ॲडॅप्टर लावून बघितली. आर७च्या बॉडीतच स्टॅबिलायझेशन, म्हणजे आयएससारखी सोय, आहे आणि त्या बॉडीवर हीच लेन्स बसलेल्या पक्ष्याला १/२००लासुद्धा बऱ्याचदा स्वच्छ फोटो देते. हे बघितल्यावर आयएसबद्दलचं माझं मत आणखी सैल झालं. पुढेमागे बॉडी बदलली तरी लेन्स बदलायची गरज नाही, आणि नव्या आरएफ १००-५०० लेन्सचे दोन लाखांच्या वरचे आकडे बघता ३८ हजार फारच कमी वाटतात.

पावसाळ्यातली निगा: बेळगावात जुलैमध्ये घरातला हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारा) नव्वदीच्या खाली यायला तयार नसतो. बुरशीला साठ-सत्तर टक्के पुरतात. रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर, काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये. नारंगी दाणे हिरवट पडले की मंद आचेवर गरम करून परत वापरायचे. भिजलेली लेन्स थेट डब्यात कोंडायची नाही, आधी पंख्याखाली कोरडी करायची.

तर तो एरर. भर पावसाळ्यात, फोटो काढता काढता पडद्यावर एरर ०१: लेन्स आणि कॅमेऱ्याचा संपर्क बिघडलाय, कॉन्टॅक्ट, म्हणजे जोडणीच्या पिना, साफ करा. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून साफ केले, दोन दिवस बरं चाललं, परत तेच. मी नीट बघून ठेवलं होतं. ॲपर्चर युनिट खराब असेल तर एरर एफ ८ किंवा एफ ११ला, म्हणजे भोक लहान केल्यावर, येतो, कारण तेव्हाच पाती हलतात. माझा पूर्ण उघड्या एफ ५.६लाही येत होता, आणि विशेषतः लेन्स वर उचलली किंवा हाताचा आधार बदलला की यायचा. हे मी सर्व्हिस सेंटरला फोनवर सांगितलं, कागदावर लिहून डब्यात घातलं. तीन आठवडे लेन्स तिथे पडून, चौकशी केली की ‘टेक्निशियन बघतोय’. शेवटी वरची ती ओळ. लिहिलेला कागद घडीसुद्धा न मोडता तसाच परत आला. माझा राग रकमेवर कमी आणि त्या न उघडलेल्या घडीवर जास्त आहे.

गल्लीतल्या त्या दुकानातल्या मामांनी लेन्स उघडलीही नाही. एका हातात बॉडी, दुसऱ्या हातात लेन्स धरून हलकेच पिळली. किंचित टक टक.

“हे बघा ओ सर, माउंटच हलतंय की. लेन्सला काय झालेलं नाही.”

इतकी वर्षं गाडीवर, खड्ड्यांतून फिरून मागच्या धातूच्या कड्याचे स्क्रू ढिले झाले होते. कडं हललं की पिना सुटायच्या. मामांनी वेगळा स्क्रूड्रायव्हर काढला. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) मापाचे, आपला नेहमीचा फिलिप्स लावला की त्यांचं तोंड जातं. एकेक स्क्रू थोडा थोडा, समोरासमोरचे जोडीने आवळले, पिना साफ केल्या, एफ ५.६पासून एफ ३२पर्यंत फोटो काढून दाखवले. दोनशे रुपये. मी तीनशे देत होतो, घेतले नाहीत.

जुनी लेन्स घ्यायला जाणाऱ्यांनी टॉर्चइतकीच ही तपासणी करावी: बॉडीला लावून पिळून बघा, हलते का, आणि स्क्रूंची तोंडं खराब आहेत का ते बघा. खराब असतील तर आधी कुणीतरी उघडलेली आहे. सगळं नीट असेल, बॉडीत मायक्रोॲडजस्टमेंट किंवा स्टॅबिलायझेशन असेल आणि तुम्ही गोकाक, रायबाग, अथणी, सौंदत्तीकडचे असाल तर ४० हजारांपर्यंत मी डोळे झाकून घ्या म्हणेन.

१,१८० रुपयांचं मी सोडलेलं नाही. मामांच्या दुकानातला चालू लेन्सचा व्हिडिओ, दोनशेची पावती आणि सेंटरचा तो शेरा असं सगळं जोडून आधी सेंटरला मेल केला, उत्तर आलं नाही, म्हणून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.