खानापूरच्या पावसासाठी जर्किन निवडताना: तीन कापडे आणि एक घोंगडी

जून लागला की बेळगावच्या गणपत गल्लीत आणि खडेबाजारात दुकानांच्या दारांवर पावसाळी कपडे लटकू लागतात आणि आपण त्या सगळ्यांना सरसकट 'जर्किन' म्हणतो. नाव एक असले तरी त्यामागे निदान तीन वेगवेगळी कापडे असतात, आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठीवर डेनियर, मिलिमीटर, कोटिंग, मेंब्रेन, सीम टेप असे शब्द दाटीवाटीने छापलेले असतात. माझ्या भाचीची नेमणूक यंदा खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या पलीकडच्या एका शाळेत झाली. ती रोज दुचाकीने जाणार आणि सुट्टीच्या दिवशी कणकुंबी-चोर्ल्याच्या बाजूला डोंगर चढणार, म्हणून तिच्यासाठी आम्ही तीन जर्किने पलंगावर शेजारी शेजारी पसरली: एक तिच्या वडिलांचे, एक माझे आणि एक गिर्यारोहण करणाऱ्या स्नेह्याकडून मागून आणलेले. चौथी म्हणून माळ्यावरची घोंगडी खाली काढली. पुढची तुलना त्या संध्याकाळच्या बोलण्यातून झालेली आहे.

आधी पावसाविषयी सांगायला हवे, कारण निवड त्यावरच ठरते. आपल्या बेळगाव जिल्ह्याचा पाऊस एकसारखा नाही. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीला आठवडाभर झड लागून राहते, आणि पूर्वेकडे अथणीच्या बाजूला लोक त्याच आठवड्यात आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. अथणीकडे राहणाऱ्याला पुढची चर्चा फारशी लागू नाही. साधे, हलके, डिकीत मावणारे कोणतेही जर्किन त्याला पुरते. खानापूरच्या पश्चिमेकडचा पाऊस मात्र तासन्‌तास चालतो, फार थंड नसतो, आणि त्या वेळी हवेतही पाणीच भरलेले असते. या तीन गोष्टी एकत्र आल्या की चांगल्या चांगल्या कापडांचे गणित बदलते.

पहिले जर्किन पीव्हीसीचे, म्हणजे विणलेल्या पॉलिस्टरवर प्लॅस्टिकचा जाड थर दिलेले. जुन्या लोकांच्या तोंडी यालाच रेक्झीनचा रेनकोट म्हणतात. या कापडातून पाणी आत येत नाही, पण घामाची वाफही बाहेर जात नाही. दुचाकीवर माणूस बसून असतो, समोरून वारा लागतो, घाम कमी येतो. त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासाला हे कापड उत्तम. हेच घालून चढ चढायला लागले तर थोड्याच वेळात सदरा आतून असा भिजतो की पाऊस आत शिरला की काय असे वाटावे. त्याचा दुसरा दोष घड्यांमध्ये असतो: प्लॅस्टिक मऊ ठेवणारे द्रव्य वर्षांमागून वर्षे कमी होत जाते आणि जिथे घडी पडते नेमका तिथेच थर तडकतो.

दुसरे, पीयू कोटिंगचे नायलॉन. आपल्याकडचे दुकानदार ज्याला 'पॅराशूट कापड' म्हणतात ते बहुधा हेच: पातळ, सळसळणारे, आतल्या अंगाला पॉलियुरेथेनचा झिरझिरीत लेप असलेले. याच्या चिठ्ठीवर दोन आकडे असतात, आणि दोन्ही नीट समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला आकडा डेनियरचा. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे त्या धाग्याचे डेनियर. म्हणून २१० डेनियरचा धागा ७० डेनियरच्या धाग्यापेक्षा तिप्पट भारी. बेळगावातल्या वडगाव-शहापूर-खासबागच्या विणकरांच्या मागांशी ज्यांचे नाते आहे त्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण सुताचा नंबर उलटा चालतो: ८० नंबरचे सूत ४० नंबरपेक्षा बारीक, कारण तिथे ठरावीक वजनात किती लांबीचे सूत बसते ते मोजतात. रेशमाचा धागा डेनियरमध्ये आणि सूत नंबरात मोजणाऱ्या विणकराला हे सांगावे लागत नाही. गिऱ्हाइकाला सांगावे लागते. डेनियर जास्त म्हणजे कापड दणकट, एवढाच त्याचा अर्थ. पाणी किती अडेल हे त्यातून कळत नाही. कापडावर बारीक चौकटींची जाळी दिसली तर ते रिपस्टॉप समजावे. ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेला असल्याने काट्याने पडलेले भोक पुढे फाटत जात नाही, आणि करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढणाऱ्याला याचा खरा उपयोग होतो.

दुसरा आकडा मिलिमीटरचा, आणि पाण्याशी संबंध आहे तो याचाच. कापड ताणून त्यावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि तिसरा थेंब पलीकडे दिसला की तिथे पाण्याच्या स्तंभाची जी उंची भरेल ती लिहितात. ३,००० मिलिमीटर म्हणजे तीन मीटर उंच पाण्याचा भार. पडणाऱ्या पावसाचा दाब एवढा नसतो, पण पाठपिशवीच्या पट्ट्याखाली आणि दुचाकीच्या सीटवर कापड दाबले जाते, तिथे तो वाढतो. म्हणून पँट निवडताना हा आकडा वरच्या जर्किनपेक्षा जास्त असलेला बरा. चिठ्ठीवर आकडाच नसेल आणि नुसते 'वॉटर रेझिस्टंट' लिहिले असेल तर ते कापड भुरभुरीपुरते समजावे.

तिसरे, मेंब्रेनचे, म्हणजे कापडाच्या आत एक पातळ पापुद्रा असलेले. १९६९ साली रॉबर्ट गोर यांनी पीटीएफई हे द्रव्य झटका देऊन ताणले आणि त्यातून असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा तयार झाला. १९७६ पासून त्याची वस्त्रे बाजारात आली, तेच गोर-टेक्स. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून जात नाही, वाफ जाते. हा पापुद्रा नाजूक असतो, म्हणून तो बाहेरच्या कापडाला चिकटवतात. आत सुटे अस्तर असले की दोन थरांचे आणि अस्तरही चिकटवलेले असले की तीन थरांचे जर्किन म्हणतात. कारागिरी विलक्षण आहे, यात शंका नाही. तरीही आमच्या स्नेह्याने स्वतःच सांगितले की हिमालयात या जर्किनने जे सुख दिले ते चोर्ल्याला मिळत नाही, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. वाफ आतून बाहेर जाते ती आतली हवा उबदार आणि ओलसर, बाहेरची थंड आणि कोरडी असते म्हणून. जुलैत आपल्या घाटात बाहेरची हवा कोरडीही नसते आणि फारशी थंडही नसते. त्यात बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप उडाला की ते कापड भिजून जड होते, पापुद्र्यावर पाण्याची चादर पसरते आणि वाफेची वाट जवळजवळ बंद होते. म्हणजे किंमत पीयूच्या कितीतरी पट आणि आपल्या पावसात लाभ थोडा. जो वर्षातून एकदा तरी बर्फाच्या बाजूला जातो त्यानेच हे घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

घोंगडीला या पंक्तीत बसवले ते केवळ आठवणीपोटी नव्हे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प अंगाला ओल न जाणवू देता शोषते, आणि चिंचोक्याची खळ दिलेल्या घट्ट विणीवरून पाणी बराच वेळ ओघळत राहते. खोळ करून डोक्यावर घेतली की खालून-पुढून वारा खेळतो. घाम कोंडत नाही. मात्र ती पूर्ण भिजली की खांदे दुखवते, लवकर वाळत नाही आणि दुचाकीवर चालत नाही. बांधावर उभे राहून गुरे राखणाऱ्याला आजही यापेक्षा चांगले काही मी सुचवू शकत नाही.

आता शिवण, जिच्याकडे गिऱ्हाईक सर्वांत कमी पाहते. माझ्या जर्किनच्या बाह्या लांब होत्या म्हणून मी त्या एका शिंप्याकडून आखूड करून घेतल्या, आणि छातीवर एक खिसाही शिवून घेतला. पहिल्याच पावसात कणकुंबीला पोहोचेपर्यंत त्या खिशाच्या कडेने आत थेंबांची सरळ ओळ उमटली होती: टीपेच्या प्रत्येक भोकाला एक थेंब. दोष शिंप्याचा नव्हता, सुईचा होता. सुई कापडाला भोक पाडतेच, म्हणून कारखान्यात आतून शिवणीवर उष्णतेने पट्टी चिकटवतात. तीच सीम टेप. 'फुली टेप्ड' म्हणजे सगळ्या शिवणींवर पट्टी, 'क्रिटिकली टेप्ड' म्हणजे फक्त खांदे, टोपी अशा ठिकाणी. दुकानात जर्किन उलटे करून काखेत आणि टोपीच्या मुळाशी बोट फिरवावे, पट्टी हाताला लागते. घरी आणल्यावर खांद्याच्या शिवणीवर कापडाची खोलगट घडी करून त्यात तांब्याभर पाणी दहा मिनिटे ठेवावे आणि खाली कागद धरावा.

शिवणीची जागाही पाहावी. रॅगलन बाहीत खांद्यावर आडवा जोड नसतो, जोड गळ्यापासून काखेकडे तिरका जातो. त्यामुळे पिशवीचा पट्टा शिवणीवर घासत नाही. वॉटर्लूच्या लढाईत हात गमावलेल्या लॉर्ड रॅगलन यांच्यावरून हे नाव पडले. सदऱ्याच्या काखेत कळी घालतात तशीच कळी जर्किनला असेल तर हात वर केल्यावर कमरेकडून कापड उचलले जात नाही. काखेत चेन असेल तर आणखी चांगले, कारण आपल्या दमट हवेत घाम घालवण्याचे काम मेंब्रेनपेक्षा उघडी चेन अधिक भरवशाने करते. पुढच्या चेनवर दुहेरी पट्टी हवी. हेल्मेट वापरणाऱ्याने टोपी काढून ठेवता येते का ते पाहावे, नाहीतर हेल्मेटवरचे पाणी टोपीत साचून मानेवरून उतरते.

आत काय घालावे हा प्रश्न लवकर सुटतो. प्रमाणित हवेत सूत सुमारे ८.५ टक्के ओल धरून ठेवते, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के, म्हणून चढावर पॉलिस्टरचा बनियन आणि शाळेत सुती सदरा.

भाचीने शेवटी दोन वस्तू घेतल्या: रोजच्या रस्त्याला जर्किन-पँट अशी जाड पीव्हीसीची जोडी, आणि डोंगरासाठी रॅगलन बाह्यांचे, सर्व शिवणी टेप केलेले, काखेत चेन असलेले पीयूचे हलके जर्किन. दोन्ही मिळून मेंब्रेनच्या एका जर्किनपेक्षा स्वस्त पडली. पावसाळा संपला की पीयूचे जर्किन धुऊन, पूर्ण वाळवून मोकळे टांगायचे आहे, कारण आपल्या दमट कपाटात घडी करून ठेवलेला तो लेप काही वर्षांत चिकट होऊन सुटू लागतो. बाह्या दोन बोटे लांब आहेत. त्या तशाच ठेवून मनगटाशी वेल्क्रो आवळायचा, असे आमचे ठरले आहे.