दुर्बिणीसाठी ‘आठवी पिढी’ म्हणून विकलेला लॅपटॉप: चार गोष्टी खोट्या निघाल्या

विक्रेत्याच्या मेसेजमध्ये होतं: आय-५ आठवी पिढी, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ओरिजिनल विंडोज ११, सगळे पोर्ट यूएसबी ३, ‘अ‍ॅस्ट्रो सॉफ्टवेअर टाकून’. किंमत २६,५०० रुपये, त्यातले ४,००० सॉफ्टवेअरचे. पैसे आधी यूपीआयने, लॅपटॉप मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने गुहागरला. पक्कं बिल नाही, फक्त एका कागदावर शिक्का. दुर्बिणीवरचा कॅमेरा चालवायला आकाश निरीक्षण गटासाठी घेतलेल्या या यंत्रात प्रोसेसर, विंडोज, बॅटरी आणि एक यूएसबी पोर्ट अशा चार गोष्टी खोट्या निघाल्या. रॅम आणि एसएसडी मात्र खरे होते. गिऱ्हाईक बहुतेक तेवढंच उघडून बघतं, त्यामुळे विक्रेते हे दोन भाग खरेच ठेवतात.

आधी सॉफ्टवेअरचं. नीना (कॅमेरा चालवणारं), पीएचडी२ (दुर्बीण ताऱ्यावर स्थिर ठेवणारं), अ‍ॅसकॉम प्लॅटफॉर्म (उपकरणं आणि सॉफ्टवेअर जोडणारा) आणि अ‍ॅस्टॅप (चित्रातल्या ताऱ्यांवरून दिशा ओळखणारं) हे सगळं फुकट मिळतं. कॅमेऱ्याचा ड्रायव्हरही कंपनीच्या संकेतस्थळावरून फुकट. ‘लायसन्ससह’ म्हणून कोणी यांचे पैसे मागितले तर तिथेच व्यवहार थांबवा.

प्रोसेसरची लबाडी समजून घ्यायला हवी, कारण ती सेटिंग्जमध्ये दिसतच नाही. विंडोज प्रोसेसरचं नाव रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या आतल्या नोंदवहीतल्या) एका नोंदीतून वाचून ‘अबाउट’ पानावर दाखवतं. प्रत्येक वेळी लॅपटॉप सुरू होताना ही नोंद नव्याने लिहिली जाते, म्हणून विक्रेत्याने टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय) एक छोटी स्क्रिप्ट बसवली होती. लॉगिन झालं की ती नोंद बदलायची आणि ‘आय-५ ८३५०यू’ असं नाव टाकायची. आतला प्रोसेसर होता आय-५ ६३००यू, म्हणजे सहावी पिढी. नाव बदललं तरी कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, बदलत नाहीत. ८३५०यूला चार कोअर आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) असतात, ६३००यूला दोन कोअर आणि चार थ्रेड. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा, खाली ‘कोअर्स’चा आकडा वाचा. नाव ८३५०यूचं आणि कोअर दोनच, तर नाव खोटं आहे.

त्याहून पक्की खूण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगच्या पानावर, असते. लॅपटॉप सुरू होताना एफ२, एफ१० किंवा एफ१ (कंपनीप्रमाणे बदलतं) दाबून बायोस उघडा. तिथे विंडोज चालूच झालेलं नसतं, त्यामुळे स्क्रिप्टची मात्रा चालत नाही. इथून मुंबईला जाऊन बघणं प्रत्येकाला जमत नाही, तर व्हिडिओ कॉल लावून विक्रेत्याला कॉल न तोडता लॅपटॉप रीस्टार्ट करायला सांगा. बायोसचं पान, मग टास्क मॅनेजर, मग खालच्या बाजूचा सिरीयल नंबर, हे सगळं एकाच कॉलमध्ये दाखवायला लावा. बायोसला पासवर्ड असेल तर तो लॅपटॉप घेऊ नका. तो बहुधा एखाद्या कंपनीतून निघालेला असतो आणि पुढे बायोसमधली सेटिंग बदलता येत नाही.

दोन कोअरवर काम अगदीच होत नाही असं नाही. फक्त कॅमेरा आणि माउंट (दुर्बीण फिरवणारा स्टँड) चालवायचे असतील तर चालतं. पण एकीकडे पीएचडी२ दर दोन सेकंदांनी गायड ताऱ्याचं (दुर्बीण ज्याच्यावर स्थिर ठेवायची त्या ताऱ्याचं) चित्र घेत असतं, त्यातच नीना नवी फ्रेम उतरवून तारे मोजते आणि अ‍ॅस्टॅप प्लेट सॉल्व्ह (दिशा ओळखणं) करतं. या क्षणी दोन्ही कोअर शंभर टक्क्यांवर जातात, गायडिंगचा ठोका चुकतो आणि तारे लांबट येतात. मग माणूस पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे लावणं) पुन्हा पुन्हा करत बसतो, आणि दोष असतो लॅपटॉपचा.

विंडोजचं म्हणाल तर, मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर विंडोज ११ साठी मान्य आहेत. सहाव्या पिढीवर ते तपासणी चुकवून टाकलेलं होतं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार (नेहमीचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून हल्ली जुन्या लॅपटॉपवर ११ चढवून विकण्याचा सपाटा चालू आहे. ‘ओरिजिनल’ आहे का हे कमांड प्रॉम्प्टवर कळतं: ‘एस-एल-एम-जी-आर’, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘एक्स-पी-आर’ ही इंग्रजी अक्षरं टाइप करा. कायमचं सक्रिय असेल तर तसं लिहून येतं. इथे तारीख आली, सुमारे १८० दिवसांनंतरची. कंपनीच्या नेटवर्कबाहेरच्या लॅपटॉपवर ही बनावट सक्रियतेची नेहमीची खूण. तिच्या सोबतीने विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडरही बंद करून ठेवला होता. विंडोज नव्याने टाकल्यावर स्क्रिप्ट गेली आणि प्रोसेसरचं खरं नाव आपोआप दिसलं.

आता पोर्ट. उजव्या बाजूच्या पोर्टच्या आतली प्लास्टिकची जीभ निळी होती, म्हणून तो यूएसबी ३ समजला गेला. टॉर्च मारून आत बघा: यूएसबी २ मध्ये धातूच्या चार पट्ट्या असतात, यूएसबी ३ मध्ये त्यांखेरीज आणखी पाच. या पोर्टात चारच होत्या, फक्त निळं सॉकेट बसवलेलं. नऊ पट्ट्या दिसल्या तरी शार्पकॅप या कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेरा जोडून फ्रेमचा वेग बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

याने किती बिघडतं हे कामावर आहे. २६ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची १६ बिट फ्रेम सुमारे ५२ एमबीची. दोन मिनिटांच्या एक्स्पोजरनंतर ती यूएसबी २ वरून दीड-दोन सेकंदांत उतरते, तेवढं चालून जातं. ग्रहांचं चित्रण मात्र मार खातं. ६४० बाय ४८० च्या ८ बिट चौकटीत सेकंदाला २०० फ्रेम म्हणजे सुमारे ६१ एमबी प्रति सेकंद, आणि यूएसबी २ चा प्रत्यक्ष वेग चाळीस एमबीच्या आसपास अडकतो. गुरूचं दीड मिनिटाचं चित्रण साडेपाच जीबीचं होतं, म्हणून एसएसडीही लागतेच. निव्वळ नेब्युला, दीर्घिका टिपणाऱ्याला कोणी ‘गेमिंग लॅपटॉपच लागतो’ म्हणून पटवत असेल, तर तीही फसवणूकच समजा.

विंडोजच्या बॅटरी अहवालात मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता हुबेहूब सारखी होती. वापरलेल्या बॅटरीत असं होत नाही. बॅटरीच्या सर्किटमधली नोंद बहुधा पुसलेली असते. निरीक्षणाची जागा म्हणजे उघडा सडा (जांभ्या दगडाचं पठार), वीज दूर, आणि ६० टक्क्यांवर लॅपटॉप अचानक बंद. चार्जर काढून, उजेड पूर्ण ठेवून अर्धा तास व्हिडिओ चालवा आणि टक्के किती उतरतात ते लिहा. यूएसबी-सीवरून चार्ज होणारा लॅपटॉप मिळाला तर तोच घ्यावा, १२ व्होल्टच्या पुरेशा मोठ्या बॅटरीवरून ६५ वॅटच्या कार चार्जरने तो रात्रभर चालतो.

किनाऱ्यावर वापरलेला लॅपटॉप असेल तर तळाचे स्क्रू आणि पंख्याची जाळी बघा. खारी हवा आधी तिथे लागते. पोर्टातल्या पट्ट्यांवर हिरवट थर दिसला की कॅमेरा मधूनच तुटणार हे धरून चाला.

विक्रेत्याशी भांडण्याआधी आपल्या बाजूच्या चुका वगळा, नाहीतर तो तिथेच बोट ठेवतो. केबल तीन मीटरपेक्षा लांब नको. यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारं) असेल तर त्याला स्वतंत्र वीज हवी. पॉवर ऑप्शन्समधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, कॅमेरा मध्येच गायब होण्याचं ते नेहमीचं कारण. कॅमेऱ्याचा कूलर लॅपटॉपवर नाही, वेगळ्या १२ व्होल्टवर चालतो, तेव्हा थंड होत नसेल तर लॅपटॉपला दोष देऊ नये.

पार्सल फोडतानाचं अखंड व्हिडिओ चित्रण, सगळे मेसेज, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि वर सांगितलेल्या पडद्यांचे फोटो, हे विंडोज नव्याने टाकण्याआधी जपून ठेवा. एकदा पुसलं की स्क्रिप्टचा पुरावा जातो. पैसे घेऊन वस्तूच पाठवली नसेल तर ताबडतोब सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन. वस्तू आली पण सांगितलेली नाही, तर आधी ग्राहक हेल्पलाइन १९१५. धंदा म्हणून विकणाऱ्यावर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल होते. म्हणजे विक्रेता मुंबईचा असला तरी रत्नागिरी किंवा (सिंधुदुर्गात राहत असाल तर) ओरोसला तक्रार चालते, आणि विक्रेते ‘मुंबईला येऊन केस करा’ म्हणतात तेव्हा हे कलम त्यांना सांगावं.