एमएसमध्ये पायांसाठी काय बरं: चालणं की रबर बँड?

परभणीच्या आमच्या मावशीला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. पाय जड पडतात म्हटलं की शेजारीपाजारी एकच सल्ला देतात: "चाला थोडं, मोकळं होईल." चालावं की घरात बसून बँड, म्हणजे व्यायामाचा लांब रबरी पट्टा, ओढावा, हा प्रश्न तिथूनच निघाला.

आधी एक गोष्ट. हा आजार थेट स्नायूवर घाला घालत नाही. आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते, वायरीचं प्लास्टिक सोलावं तसं. मग हुकूम स्नायूपर्यंत धड पोचत नाही. माणूस हालचाल कमी करतो आणि न वापरल्यानं स्नायू खरोखरच रोडावतो. ही दुसरी कमजोरी व्यायामानं बरीच भरून निघते.

चालण्यानं दमसास वाढतो, मन रमतं, खर्च शून्य. पण मांडीची ताकद त्यानं फारशी वाढत नाही. त्यात आपल्याकडचा मे महिना! अंग तापलं की एमएसची लक्षणं तात्पुरती बळावतात; १८९० मध्ये उथॉफ या जर्मन डॉक्टरांनी हे नोंदवलं होतं. गार झालं की उतरतात, पण भर रस्त्यात पाय लटपटले तर?

बँड कूलरसमोर बसून ओढता येतो, आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये विसावा घेत. ताकदीसाठी माझं मत यालाच. स्नायू ताठरत असतील तर फिजिओथेरपिस्टकडून ताणाचे व्यायाम शिकून घ्यावेत.

मावशी हिवाळ्यात चालते, होळीनंतर बँड काढते.