जावाचं रिमोट डिबगिंग: अ‍ॅप उठायच्या आधीच पडतं तेव्हा

आमची स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कची सर्व्हिस कुबरनेटिसवर, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेवर, चालते. टेस्ट क्लस्टरमधल्या तिच्या भानगडी गेले काही महिने मी जेव्हीएमच्या (जावा प्रोग्रॅम चालवणारं यंत्र) जेडीडब्ल्यूपी एजंटला, म्हणजे बाहेरच्या डिबगरला आत घेणाऱ्या भागाला, इंटेलिजे हा कोड एडिटर जोडून सोडवतेय. चालू अ‍ॅपमध्ये ब्रेकपॉइंट (कोड थांबवायची खूण) कुणीही लावतं. कस लागतो तो स्टार्टअपला.

एजंटच्या पर्यायांत ‘सस्पेंड=एन’ (सुरुवातीला थांबू नको) असेल तर काही हाती लागत नाही. आपण जोडेपर्यंत अ‍ॅप फुटलेलं असतं आणि उरते लॉगमधली ‘कॉज्ड बाय’ची उतरंड. ‘सस्पेंड=वाय’ दिलं की जेव्हीएम ‘मेन’च्या आधीच थांबते, पोर्ट 5005 वर आपली वाट बघत. मग एक्सेप्शन ब्रेकपॉइंट (एरर फेकली गेली की थांबणारा) लावायचा, पण नेमक्या एक्सेप्शनच्या क्लासवर. सरसकट लावलात तर स्प्रिंग स्वतःच फेकून स्वतःच झेलतं त्या प्रत्येक एक्सेप्शनवर थांबत बसाल.

एकदा पोस्टग्रेस डेटाबेस ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ म्हणत होतं आणि पासवर्ड तर बरोबर दिसत होता. लॉगमध्ये तो छापला जात नाही, जाऊही नये. ब्रेकपॉइंटवर थांबून स्ट्रिंग उघडली तर शेवटी नवी ओळ चिकटलेली! सीक्रेट (कुबरनेटिसमधली पासवर्डची नोंद) बनवताना ‘एको’ कमांडला ‘-एन’ (शेवटी नवी ओळ नको) दिलेलं नव्हतं. एवढ्या एका गोष्टीसाठी या टूलला माझे पाचपैकी चार तारे.

पाचवा कापला तो त्याच्या स्वतःच्या स्टार्टअपपायी. पोर्ट आधीच कुणी धरलेला असेल तर ‘ट्रान्सपोर्ट एरर 202: बाइंड फेल्ड’ म्हणून अख्खी जेव्हीएमच बंद. डिबगर नाही तर नाही, अ‍ॅप तरी चालू दे की! त्यात एजंटचे पर्याय ‘जावा_टूल_ऑप्शन्स’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून दिले तर ते कंटेनरमधल्या प्रत्येक जावा प्रोसेसला लागतात. आमच्या स्क्रिप्टमध्ये आधी सर्टिफिकेटसाठी कीटूल चालतं, आणि तेही जावाच. तेच डिबगरची वाट बघत बसलं, अ‍ॅपची पाळीच येईना. आता पर्याय थेट अ‍ॅपच्या कमांडला देतो.

लाइव्हनेस प्रोबचंही बघा, म्हणजे कंटेनर जिवंत आहे का ही कुबरनेटिसची तपासणी. मूळ सेटिंगमध्ये दर 10 सेकंदांनी तपासणी आणि सलग 3 अपयशं, की थांबलेला कंटेनर मारून पुन्हा सुरू. ऐन स्टेपिंगमध्ये (कोड ओळीओळीने चालवताना) जोडणी तुटते. टेस्टमध्ये तो प्रोब काढलाय.

जावाच्या जेडीके 9 पासून नुसता पोर्ट दिला तर एजंट फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच यंत्रातून येणाऱ्या जोडण्या, ऐकतो. बरेच जण लगेच पोर्टच्या आधी तारांकन जोडतात (‘*:5005’), म्हणजे तो सगळ्या पत्त्यांवर ऐकतो. नका जोडू. या पोर्टला पासवर्ड नसतो. जो पोहोचेल तो हवा तो कोड चालवू शकतो. कुबरनेटिसची ‘क्यूबसीटीएल पोर्ट-फॉरवर्ड’ कमांड आपल्या मशीनवरून पॉडच्या (ज्यात कंटेनर चालतो त्याच्या) लोकलहोस्टलाच जाते, तेवढं पुरतं.