उजेड बघून मंद होणारे एलईडी : अभ्यासिकेत तिन्ही ऋतू वापरल्यावर

नाशिकला कॉलेज रोडवर आमची अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळी सातपासून रात्री उशिरापर्यंत बसतात. ढग आले की कुणीतरी उठून दिवे लावायचं. ऊन पडल्यावर बंद करायचं मात्र कुणालाच सुचायचं नाही. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर चोकवाल्या ट्यूब काढून एलईडी पॅनल आणि उजेडाचे सेन्सर बसवले.

बचतीचा मोठा वाटा नुसत्या एलईडीचाच आहे. ३६ वॅटची जुनी ट्यूब चोक धरून ४५ वॅटच्या आसपास खाते, एलईडीचं काम १८-२० वॅटमध्ये भागतं. सेन्सरची बचत त्यावरची, आणि ती खोलीभर सारखी नसते. खिडकीलगतची रांग दिवसा अगदी मंद जळते, मधली अर्ध्यावर, भिंतीकडची जवळजवळ पूर्ण. त्यामुळे प्रत्येक रांगेला वेगळा सेन्सर घ्याच. सगळी खोली खिडकीजवळच्या एका सेन्सरवर टाकली, तर भिंतीकडच्या मुलांच्या वहीवर अंधार येणार.

आमचे सेन्सर छतावरून टेबलाकडे बघतात. टेबलावरून परत येणारा उजेड, उन्हाचा आणि दिव्याचा मिळून, मोजतात आणि ड्रायव्हरला, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या डबीला, दिवा कमी-जास्त करायला लावतात. वाचायला ३०० ते ५०० लक्स (उजेडाचं माप) लागतात, आम्ही ४०० ठेवलेत. हे सेटिंग रात्री, टेबलावर लक्समीटर ठेवून करून घ्या. मध्यंतरी टेबलांना पांढरा सनमायका लावला, तर सेन्सरला उजेड वाढल्यासारखं वाटून दिवे उतरले. सेटिंग पुन्हा करावं लागलं.

पावसाळ्यात ढग सरकले की दिवे सारखे वर-खाली व्हायचे. इलेक्ट्रिशियनने बदलाचा वेग कमी केल्यावर ते थांबलं. जुलै-ऑगस्टमध्ये बचत कमीच होते, तेवढं धरून चला.

आमच्या खिडक्या उत्तरेला. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर, म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य भर दुपारीही किंचित उत्तरेकडेच असतो. मेअखेरीस सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन थेट डोळ्यांवर यायला लागलं. मुलांनी जाड पडदे ओढले, की दिवे पूर्ण पेटणार आणि बचत संपणार. खालच्या काचांना दुधी फिल्म लावली, तेव्हा पडदे उघडे राहिले.

सगळ्यात जास्त जपायचं ते ड्रायव्हरच्या दर्जाला. पहिल्या लॉटमधले काही ड्रायव्हर मंद केल्यावर लुकलुकायचे आणि मुलांची डोकी दुखायची. ते सगळे बदलून घेतले. तासन्‌तास वाचणाऱ्या डोळ्यांपुढे चार पैशांची बचत मला महत्त्वाची वाटत नाही. घेण्याआधी दुकानातच दिवा मंद करून मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा. काळे पट्टे सरकताना दिसले तर घेऊ नका.

घरासाठी मी सुचवणार नाही, दिवसा घरात दिवे लागतातच किती! अंबड-सातपूरचे वर्कशॉप, दवाखाने, ऑफिसं, म्हणजे जिथे खिडक्या असूनही दिवसभर दिवे जळतात, तिथे जरूर लावा. फक्त दर दोन-तीन महिन्यांनी सेन्सरवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसा. धूळ बसली की त्याला उजेड कमी दिसतो आणि दिवे विनाकारण वाढतात.